अठ्ठेचाळीस कुऱ्हाडींचे घर

ज्यांनी मराठी दप्तरांतील धूळ थोडीफार खाल्ली आहे त्यांना जुन्या कागदांच्या तळाशी असणाऱ्या निशाण्यांचे कौतुक सांगावयास नको. मजकूर कुळकर्ण्याच्या वळणदार मोडीत असतो. साल, मौजे, तर्फ, प्रांत सारे यथासांग असते. आणि शेवटी, जेथे लिहिता न येणाऱ्या माणसाने आपली संमती नोंदवावयाची, तेथे पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा, एखाद्या विधवेने करून दिलेल्या कागदावर बांगडी अशी चिमुकली चित्रे काढलेली असतात. आमच्या घरच्या पेटीत असा एक कागद आहे आणि त्यावरचा नांगर इतका तिरपा आहे की, काढणाऱ्याचा हात लेखणीपेक्षा रुमण्याला सरावलेला होता हे पाहताक्षणी ध्यानात यावे. हातातले हत्यार हीच माणसाची ओळख असे मानणाऱ्या समाजाने सहीसाठीही हत्यारच निवडावे यात आश्चर्य नाही.

परंतु पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या उत्तरेकडील 'बे ऑफ आयलंड्स' या उपसागरातील केरीकेरी नावाच्या जागी, ४ नोव्हेंबर १८१९ रोजी जे खरेदीखत झाले त्यावर सहीच्या जागी हत्यार नाही, चेहरा आहे. न्गापुही जमातीचा सरदार होंगी हिका याने आपल्या मुखावर कोरलेल्या गोंदणाची, ज्याला माओरी लोक 'मोको' म्हणतात त्याची, रेषा न् रेषा त्या कागदावर काढून दिली. मोको ही कुणा दुसऱ्याची असूच शकत नाही. तिच्यात कूळ, पराक्रम, अधिकार सारे काही कातडीतच लिहिलेले असते. तेव्हा कागदावर ती काढणे म्हणजे नाव घालणे नव्हे, प्रत्यक्ष आपले तोंड त्या व्यवहारात घालणे होय. आणि व्यवहार तरी कोणता? सुमारे १३,००० एकर जमीन, आणि तिचा मोबदला म्हणून ४८ कुऱ्हाडी.

सरासरीने पाहता एका कुऱ्हाडीस २७० एकर पडले. ही जमीन घेणाऱ्या ख्रिस्ती मिशनने पावणेपाच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १८१५ मध्ये, रांगिहूआ येथे २०० एकर जागा १२ कुऱ्हाडी देऊन घेतली होती. म्हणजे तेव्हा एका कुऱ्हाडीस १७ एकरांहूनही कमीच. एवढ्या अल्प काळात कुऱ्हाड इतकी महाग झाली की जमीन इतकी स्वस्त झाली, याचा उलगडा अर्थशास्त्राच्या पुस्तकाने होणार नाही. तो होण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जमीन कायमची हातावेगळी करून तिच्यावरचा आपला संबंध पाण्यात सोडावा, ही कल्पनाच माओरी व्यवहारात नव्हती. परक्याला आपल्या मुलुखात बसू द्यावयाचे, त्याचे रक्षण करावयाचे, त्याच्याकडून उपयोगाच्या वस्तू घ्यावयाच्या आणि तो आपल्या छत्राखाली आहे तोवर त्याची वहिवाट मान्य करावयाची, हा त्यांचा रिवाज. कागदाच्या एका बाजूस विक्री होती आणि दुसऱ्या बाजूस आश्रय. कागद मात्र एकच होता.

त्या कागदाच्या पोटी एक लाकडी घर जन्मास आले आणि ते अद्याप उभे आहे. न्यूझीलंडमध्ये युरोपीय पद्धतीने बांधलेल्या आणि आजवर टिकलेल्या इमारतींत ते सर्वांत जुने.

ते पाहावयास मी गेलो तेव्हा ऑकलंडमध्ये राहणारा माझा भाचा सोबत होता. सुमारे अडीचशे किलोमीटरांचा रस्ता, त्यात वळणे फार. "मामा, लाकडाचं घर बघायला इतक्या लांब कशाला? आमचं घर लाकडाचंच आहे की," असे तो निघतानाच म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. त्या भूकंपप्रवण देशात बहुतेक घरे लाकडी सांगाड्याचीच असतात. माझी बहीण प्रथम लेकाकडे गेली तेव्हा तिने भिंतीवर बोटाची पेरे वाजवून पाहिली होती आणि आतून पोकळ आवाज येताच, "अरे, इथे खिळा ठोकला तर शेजाऱ्याच्या घरात निघेल," असा अभिप्राय दिला होता. आपल्याकडे घर म्हणजे दगड, वीट, चुना, निदान माती. लाकूड हे घराच्या आत असावयाचे, घर लाकडाचे असणे हे काहीसे तात्पुरतेपणाचे लक्षण, अशी आपली पक्की समजूत. ती समजूत अगदीच निराधार आहे असेही नाही. पुण्याचा शनिवारवाडा, ज्याच्या सागवानी मजल्यांची कीर्ती दूरवर गेली होती, तो २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. तटबंदी उरली, जोती उरली, दगड उरला. त्या दिवशी केरीकेरीचे घर बांधून सहा वर्षे झाली होती.

केरीकेरीची नदी खाडीला मिळते तेथे पाण्याचा एक रुंद, शांत डोह झाला आहे. भरतीचे पाणी येथवर चढते, आणि म्हणूनच जहाजाच्या होड्या येथवर येऊ शकत. डोहाच्या काठी दोन इमारती शेजारी शेजारी आहेत: एक काळसर दगडांची, भारदस्त, बेंगरूळ, दुसरी पांढऱ्या रंगाची, दुमजली, मधोमध दार आणि दोहो अंगांना मापून बसविलेल्या खिडक्या असलेली, पुढे ओसरी आणि वर चारी बाजूंनी उतरते छप्पर. इंग्लंडातील एखाद्या खेड्यातल्या सुखवस्तू पाद्र्याचे घर उचलून आणून ठेवावे असा तिचा थाट. समोरच्या बाजूस मात्र एक टेकडी आहे आणि तिच्यावर आज गवताखेरीज काही नसले तरी घराचा सारा इतिहास तिच्याकडे पाहिल्यावाचून कळत नाही. ती कोरोरिपो. होंगी हिकाचा 'पा', म्हणजे तटबंदीचे ठाणे, तेथे होते. त्या ठाण्याच्या नजरेच्या टप्प्यात, त्याच्या पायथ्याशी म्हणावे इतक्या जवळ, हे घर मुद्दाम बसविलेले आहे. रक्षणासाठी, आणि अर्थात लक्ष ठेवण्यासाठीही.

सॅम्युएल मार्सडेन हा न्यू साउथ वेल्समधील धर्मोपदेशक चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने १८१९ च्या ऑगस्टात येथे आला तेव्हा त्याच्याबरोबर जॉन बटलर हा दीक्षित पाद्री, फ्रान्सिस हॉल आणि जेम्स केम्प हे तिघे होते. पैकी केम्प हा नॉर्फक परगण्यातला लोहार. लंडनमध्ये १७९९ साली स्थापन झालेली ही सोसायटी मराठी वाचकास सर्वस्वी अपरिचित नाही. १८२० मध्ये तिने मुंबईस आपला पहिला मिशनरी धाडला आणि पुढे नाशिकजवळचे शरणपूर वसविले ते तिनेच. पेशवाई बुडून पुरते दीड वर्षही झाले नव्हते, आणि ज्या आठवड्यात होंगीने कागदावर आपला चेहरा काढला त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबरला, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदी आला होता. एकाच वेळी कोठे तहनाम्याने, कोठे तलवारीने आणि कोठे कुऱ्हाडींच्या मोबदल्यात इंग्रजी कारभाराचा पाय पृथ्वीवर पसरत होता. फरक इतकाच की, केरीकेरीत त्या घटकेला बळ इंग्रजाच्या बाजूस मुळीच नव्हते. होंगीने मनात आणले असते तर सारे मिशन एका रात्रीत पाण्यात बुडाले असते.

मार्सडेनची धारणा अशी होती की, आधी संस्कृती आणि मग सुवार्ता. म्हणजे शेती, सुतारकाम, लोहारकाम शिकवावे आणि त्यांच्या मागोमाग धर्म आपोआप येईल. म्हणून लोहार, म्हणून सुतार. त्याने स्वतः २५ सप्टेंबर १८१९ रोजी येथे द्राक्षाचे वेल लावले, तो त्या देशातील द्राक्षशेतीचा आरंभ मानतात. ३ मे १८२० रोजी बटलरने बैल जुंपून येथेच नांगर धरला. त्या भूमीत नांगराचा फाळ प्रथमच शिरत होता. त्यापूर्वी माओरी शेतकरी 'को' नावाच्या टोकदार काठीने माती उकरून रताळी लावीत. आमच्या पेटीतल्या त्या तिरप्या नांगराची मला तेथे आठवण झाली. आमच्याकडे नांगर सहीच्या जागी येऊन बसावा इतका जुना होता, आणि येथे तो अजून बोटीतून उतरायचा होता.

आता घराविषयी. १८२१ ते १८२२ या काळात बटलरसाठी ते बांधले गेले. मिशनचे सुतार आणि माओरी करवतकरी यांनी मिळून ते उभे केले. 'बांधले' हा शब्द आपण सहज लिहितो, परंतु गिरणी नाही, विटा नाहीत, अशा जागी दुमजली घर बांधणे म्हणजे काय ते समजावयास करवतीच्या खड्ड्यापासून सुरुवात करावी लागते. जमिनीत माणसाहून खोल खड्डा खणावयाचा, त्यावर ओंडका आडवा ठेवावयाचा, सुताने रेघ मारावयाची. एक माणूस ओंडक्यावर उभा, दुसरा खड्ड्यात, आणि त्या दोघांमध्ये माणसाच्या उंचीची करवत. वरचा रेघ सांभाळतो, खालचा जोर लावतो आणि दिवसभर भुसा डोळ्यांत, नाकात, केसांत घेतो. एकेक फळी अशी निघते. कोकणात गिरण्या येण्याआधी साग-फणसाची कापणी अशीच होत असे, आणि खड्ड्यातल्या माणसाची मजुरी वरच्याइतकी असावी की नाही यावरून आमच्या आजोळच्या सुतारांत जुंपलेली मी लहानपणी ऐकली आहे. अशा फळीवर करवतीच्या सरळ, किंचित तिरप्या ओरखड्यांची ओळ राहते. गिरणीतील चक्राकार पात्याच्या फळीवर उमटतात तशी कमानदार वळणे तीवर नसतात. लाकडाचे वय विचारावयाचे असेल तर प्रथम हे ओरखडे पाहावेत.

लाकूड दोन जातींचे. काउरी हा न्यूझीलंडच्या उत्तरेकडचा राजवृक्ष. तो वाढता वाढता आपल्या खालच्या फांद्या स्वतःच टाकून देतो, त्यामुळे त्याचा सोट सरळ, गोल आणि गाठीविना असतो. गाठ नसलेल्या लाकडाची किंमत रंधा चालविणाऱ्यालाच विचारावी. इंग्रजी आरमाराला त्यातून डोलकाठ्या हव्या होत्या, आणि नेमक्या १८२० सालीच त्या नेण्यासाठी 'ड्रॉमेडरी' नावाचे जहाज या उपसागरात आले होते. दुसरा वृक्ष तोतारा. माओरी लोक आपली लांबच लांब युद्धाची होडी ज्यातून कोरीत तो हा. पाण्यात वर्षानुवर्षे राहूनही न कुजणे हा त्याचा गुण. तेव्हा जे लाकूड होंगीला लढाईवर वाहून नेत होते, त्याच जातीचे लाकूड बटलरच्या घरात बसविले गेले. बाहेरच्या भिंतींच्या फळ्या आपल्या कौलांप्रमाणे, खालच्या फळीच्या कडेवर वरची फळी थोडी चढवून, आडव्या ठोकल्या आहेत. पाऊस कौलावरून जसा ओघळतो तसा तो भिंतीवरून ओघळून जातो. ही साधी युक्ती दोनशे वर्षे पुरली आहे.

आणि याच बांधकामाच्या दिवसांत समोरच्या टेकडीवर काय चालले होते? होंगी १८२० मध्ये थॉमस केंडल या मिशनऱ्याबरोबर इंग्लंडास जाऊन आला होता. केंब्रिजमध्ये प्राध्यापक सॅम्युएल ली याने त्याच्या व त्याच्या सोबत्याच्या साहाय्याने माओरी भाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह सिद्ध केला. याच दशकात आपल्याकडे मोल्सवर्थ शास्त्र्यांना घेऊन मराठी कोशाच्या उद्योगास बसणार होता हे आठवले म्हणजे त्या पिढीच्या इंग्रजांची शब्द वेचण्याची हौस ध्यानात येते. राजा चौथा जॉर्ज याने होंगीची भेट घेतली, त्याला नजराणे मिळाले. परतीच्या वाटेवर सिडनीस थांबून होंगीने बंदुका जमविल्या. व्याकरण मागे राहिले, बंदुका पुढे आल्या. १८२१ च्या अखेरीस दक्षिणेकडील जमातींना धुळीस मिळवून त्याच्या होड्या केरीकेरीच्या डोहात परतल्या, तेव्हा त्यांत शेकडो युद्धकैदी होते आणि त्यांतील कित्येकांचा वध काठावरच झाला. मिशनऱ्यांनी आपल्या रोजनिशांत ते सारे लिहून ठेवले आहे. धर्म शिकविण्यास आलेली ही माणसे अर्धवट उभ्या घरापाशी काम करीत होती आणि ज्याने त्यांना अभय दिले होते त्याचाच हा विजयोत्सव काही हातांवर चालला होता. त्यांनी आक्षेप घेतला, विनवण्या केल्या. निघून मात्र कोणी गेले नाही. जावे कोठे? आणि होंगीनेही त्यांना हात लावला नाही, कारण त्याच्या चेहऱ्याची निशाणी कागदावर होती.

बटलरला या घराचे सुख फार लाभले नाही. १८२२ मध्ये तो तेथे राहावयास गेला आणि मद्यप्राशनाच्या आरोपावरून मार्सडेनने १८२३ साली त्याला निलंबित केले. त्या दोघांचे आधीपासूनच पटत नव्हते. कोणत्याही लहान वसाहतीतील भांडणाप्रमाणे त्यातही आरोप किती खरा आणि राग किती जुना हे वेगळे काढणे अवघड. नंतर जॉर्ज क्लार्क येथे राहिला. तो पुढे वसाहत सरकारात मूळ रहिवाशांचा मुख्य संरक्षक म्हणून नेमला गेला. मग क्लार्क १८३०च्या सुमारास वायमाते येथील नव्या मिशनच्या शेतीकडे गेला, आणि १८३२ साली या घरात जेम्स केम्प, त्याची पत्नी शार्लट आणि त्यांची मुले राहावयास आली.

येथे एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. ज्या कुटुंबाच्या नावाने हे घर पुढे दीडशे वर्षे ओळखले गेले, ते कुटुंब खताच्या वेळेपासून केरीकेरीत होते. घर त्यांच्या डोळ्यांदेखत बांधले गेले. आणि तरीही त्यात पाऊल टाकावयास त्यांना खताच्या दिवसापासून तब्बल १३ वर्षे थांबावे लागले. मोठे घर पाद्र्याचे, लोहाराचे नव्हे. मिशनातही वर्ण होतेच.

केम्प मिशनचा लोहार होता आणि कोठाराचा कारभारीही. धर्मांतराचा पहिला विधी या साऱ्या मिशनमध्ये व्हावयास १८२५ साल उजाडले. पहिली ११ वर्षे माओरींनी मिशनकडून जे घेतले ते प्रवचन नव्हे. घेतली ती कुऱ्हाड, कुदळ, फावडे आणि गळ. म्हणून त्या काळात ऐरणीवरच्या माणसाचे महत्त्व प्रवचन देणाऱ्यापेक्षा कमी नव्हते, मग निवासस्थानाच्या वाटपात ते दिसो वा न दिसो. शार्लट माओरी मुलींची शाळा चालवी.

केम्प घरात आला त्याच वर्षी शेजारच्या दगडी कोठाराचे काम सुरू झाले. जॉन हॉब्स या वेस्लियन मिशनऱ्याने आराखडा दिला, विल्यम पॅरट या गवंड्याने ते बांधले, ज्वालामुखी खडकाला शिंपले जाळून केलेल्या चुन्याने सांधले, आणि १८३६ पर्यंत ते पुरे झाले. खर्च अंदाजाबाहेर गेला. आणि इमारत तयार होईतो मिशनचा कारभार पायहिया व वायमाते येथे सरकला होता. कोठार भरावे इतका माल केरीकेरीत उरलाच नाही. असे प्रकार सरकारी बांधकामखात्यापुरते मर्यादित नाहीत हे पाहून बरे वाटले. पुढे बिशप सेल्विनने आपला ग्रंथसंग्रह तेथे ठेवला. १८४५ च्या लढाईत, जिची हकीकत पुढे येईल, दारूगोळा ठेवला गेला. काउरीच्या राळेचा व्यापारही तेथून चालला. जमिनीत गाडले गेलेले राळेचे खडे उकरून काढण्याचा तो धंदा, ज्यातून युरोपातील रोगणे तयार होत. आजही त्याच्या तळमजल्यावर दुकान आहे, आणि लोखंडी भांडी, खिळे, जाडेभरडे कापड मांडलेल्या त्या फळ्यांपाशी केम्पची आठवण घरापेक्षा अधिक होते.

मिशनने केरीकेरीचे ठाणे १८४८ मध्ये बंद केले. केम्प गेला नाही. सोसायटीचे दप्तर उठले, आणि जे घर संस्थेचे होते ते हळूहळू कुटुंबाचे झाले. शार्लट १८६० मध्ये वारली, जेम्स १८७२ मध्ये. त्यांच्या मागून मुले, नातवंडे, पणतवंडे. या शंभराहून अधिक वर्षांच्या काळात तेथे सांगण्याजोगे फारसे घडले नाही, आणि मला वाटते की घर टिकले ते याच काळामुळे. ओसरी मोडते तेव्हा ती दुरुस्त करणारे कोणी असावे लागते. छपरातून पाणी गळले तर त्याच रात्री खाली भांडे ठेवणारे कोणी असावे लागते. लाकूड कुजते ते पावसाने नव्हे. पाऊस पडला हे कोणाला कळत नाही म्हणून ते कुजते.

परंतु या घराशी जोडलेल्या माणसांपैकी माझे मन ज्या व्यक्तीपाशी अडून राहिले ती केम्प नव्हे. होंगी हिका १८२८ मध्ये वारला. वर्षभरापूर्वी लढाईत छातीत लागलेल्या गोळीने तो अखेरपर्यंत सावरला नाही. त्याची मुलगी रोंगो, जिला पुढे हारिआता हे नाव मिळाले, केम्प कुटुंबात काही काळ राहिली. ३० मार्च १८३७ रोजी केरीकेरीच्याच प्रार्थनामंदिरात तिचा विवाह होने हेके या तरुण सरदाराशी झाला. हेके कोण हे सांगावयास हवे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी इंग्रज राणीशी झालेल्या वैतांगीच्या तहावर सरदारांपैकी पहिली सही त्याची. आणि तहाचा इंग्रजी अर्थ आणि माओरी अर्थ एक नव्हते हे उमगल्यावर कोरोरारेका येथील ब्रिटिश निशाणाची काठी तोडून टाकणाराही तोच. एकदा नव्हे, चारदा. चौथ्या वेळी, ११ मार्च १८४५ रोजी, ते गाव पडले आणि जळाले. सासऱ्याने कागदावर तोंड घातले आणि जावयाने काठीवर कुऱ्हाड घातली, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. त्या लढाईत केरीकेरीचे लाकडी घर, ज्याला जळावयास एक निखारा पुरे होता, ते मात्र सुखरूप राहिले. रोंगो लिहावयाला शिकली ती याच वस्तीत.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. २००० साली घराची दुरुस्ती चालली असताना फरशीच्या फळ्यांखाली दोन पाट्या सापडल्या. आपल्या लहानपणीच्या पाटीसारख्याच दगडी पाट्या. आणि त्यांतील एकीवर माओरी भाषेत कोरले होते की, ही रोंगो होंगी हिची, वय १६. बापाने चेहऱ्याने सही केली होती, मुलीने अक्षरांनी केली. पेन्सिलीने लिहिलेले ओल्या बोटाने पुसता येते, आमच्या पिढीने शाळेत ते थुंकीने पुसले आहे. हिने मात्र नाव ओरखडले, पुसले जाऊ नये म्हणून. मग ती पाटी कधीतरी फळ्यांच्या खाली गेली आणि घराने ती जवळजवळ १७० वर्षे सांभाळली. २०१८ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या उपक्रमाच्या न्यूझीलंड नोंदवहीत त्या पाट्यांची नोंद झाली.

१९७४ मध्ये केम्प कुटुंबाच्या वारसाने हे घर राष्ट्रीय वारसा न्यासाला देऊन टाकले. विकले नाही, दिले. १८३२ पासून १४२ वर्षांची वहिवाट एका दानपत्राने संपली. मग न्यासाने शेजारचे दगडी कोठारही ताब्यात घेतले. घर आता वारसायादीतील पहिल्या वर्गात आहे. पण यादीत नाव आले म्हणून नदी थांबत नाही. मार्च १९८१ मध्ये केरीकेरीला मोठा पूर आला आणि परिसराची फार हानी झाली. २००७ मध्येही पाणी चढले. डोहावरचा रहदारीचा जुना पूल पुराचे पाणी अडवून धरतो असा निष्कर्ष निघाला तेव्हा रस्ताच गावाबाहेरून वळविला गेला आणि २००८ मध्ये पूल काढून टाकला. एका घरासाठी मोटारींची वाट बदलणे ही गोष्ट आमच्याकडच्या नगररचनाकारांस सांगून पाहावी, ते हसतील.

पूर्वी या घराला सगळे 'केम्प हाउस' म्हणत; आता पाटीवर 'मिशन हाउस' असे असते. मला दोन्ही नावे अपुरी वाटतात. बटलरसाठी बांधलेले, केम्पने राखलेले, होंगीच्या अभयाखाली उभे राहिलेले आणि माओरी करवतकऱ्यांच्या घामाने फळ्या पावलेले घर कोणत्या एका नावात मावावे? आम्हांला घर दाखविणाऱ्या वृद्ध बाई घराचे नाव घेताना दर वेळी किंचित अडत. मी त्यांना विचारले, "तुम्ही स्वतः काय म्हणता?" त्या हसल्या. "आम्ही नुसते 'ते घर' म्हणतो."

माडीवरच्या एका खिडकीपाशी मी बराच वेळ उभा होतो. तेथून कोरोरिपोची टेकडी समोर दिसते. खाली डोह, आणि बाजूला ते नासपतीचे झाड, जे १८१९ मध्ये लावले गेले असे सांगतात आणि ज्याला अजून फळे धरतात. भाच्याने जवळच्या भिंतीवर बोटाची पेरे हळूच वाजवून पाहिली. आपल्या आईप्रमाणेच. आवाज पोकळ नव्हता.

परतताना बऱ्याच अंतरापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, आपल्या वाड्याचे ते खांब कुठे गेले हो? आजी सांगायची, दोन माणसांच्या कवेत मावत नसत म्हणून."

खांब कोठे गेले ते मला ठाऊक होते. वाटण्या होऊन वाडा पडावयास आला तेव्हा चौघा भावांनी तो उतरविला. सागवान घनफुटाने गेले. एका व्यापाऱ्याने ट्रक आणून दोन दिवसांत खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, देवघराची चौकट सारे नेले, आणि त्यांतील काही खांब एका उपाहारगृहाच्या दर्शनी भागात उभे आहेत असे मागाहून कानावर आले. विक्रीचा कागद त्याच पेटीत, त्या मोडी कागदाच्या खाली आहे. त्यावर नांगर नाही. चौघांच्या सह्या आहेत, आणि पहिली, चांगली वळणदार, शाळामास्तराला शोभेल अशी, माझी आहे.

"विकले," मी म्हणालो.

"कितीला?"

मला आकडा आठवत होता. मी तो सांगितला नाही. रस्त्यावर वळणे फार आहेत, समोर पाहा, असे म्हणालो.